बाबांनी पाणी घातलेले झिंगे

लॉकडाऊन लागला तेव्हा मी यवतमाळला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझ्या ताब्यात साठ-सत्तर झिंगे होते. बाजारात वाट्याने मिळतात ते मोठे नव्हेत. आमच्या मारेगावकडच्या नाल्यांत, दगडांखाली आणि कुजलेल्या पानांत राहणारे, बोटाच्या पेराएवढे, आरपार दिसणारे. उजेडात धरला तर त्याने सकाळी काय खाल्लं तेही दिसतं. मादी आपली अंडी पोटाखालच्या पायांमध्ये धरून फिरते आणि ते पाय सारखे हलवत राहते, म्हणजे अंड्यांना ताजं पाणी लागत राहावं. हे मी पहिल्यांदा भिंगातून पाहिलं त्या दिवशी जेवायची वेळ टळून गेली तरी स्टुलावरून उठले नव्हते.

माझा प्रकल्प या झिंग्यांवरच होता. उन्हाळ्यात नाल्याचं पाणी तापतं, आटतं, पहाटेला त्यातली हवा कमी होते. एवढा त्रास ते दरवर्षी सोसतात आणि जगतात. पण त्यातच वावरातलं फवारणीचं औषध थोडंसं उतरलं तर काय होतं, हे मला पाहायचं होतं. आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "समुद्रातल्या अशा बारक्या कवचवाल्या जिवांवर खूप लोकांनी काम केलंय. आपल्या नाल्यातल्यांची कोणी चौकशी करत नाही. तू कर."

चौकशी सुरू झाली आणि होस्टेल रिकामं करायचा हुकूम आला. प्रयोगशाळेला कुलूप लागणार होतं. मॅडम म्हणाल्या, नेता आले तर घरी ने, नाहीतर सोडून दे. मी बाबांना फोन केला. ते मोटारसायकल घेऊन दुपारपर्यंत आले. माझी पेटी पाहिली, गादीची वळकटी पाहिली, मग पाण्याचे दोन मोठे कॅन पाहिले.

"हे काय हाये वो?"

"झिंगे हायेत बाबा. जित्ते."

"आपल्या गावात नाई काय झिंगे? इथून कायले न्याचे?"

मी सांगितलं की हे आपल्या गावातलेच आहेत, दिवाळीच्या सुट्टीत मीच आणले होते. बाबांनी थोडा वेळ विचार केला आणि वळकटी यवतमाळच्याच एका मैत्रिणीच्या घरी ठेवायला लावली. कॅन दोन्ही बाजूंना दोरीने बांधले. रस्त्यात नाक्यावर पोलिसाने थांबवलं. कॅनमध्ये काय, असं विचारल्यावर मी सांगायच्या आत बाबा म्हणाले, "साहेब, पोरीची परीक्षा हाये यात." पोलिसाने झाकण उघडून आत पाहिलं, आत पानं आणि पाणी. त्याने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि जा म्हणाला.

घरी कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, बाजूला कडुलिंब आहे, त्याखाली मी तीन टब मांडले. मायने एक टब लगेच ओळखला. "हा माह्या गोधड्या धुवाचा हाये," ती म्हणाली, पण परत मागितला नाही. यवतमाळला पाण्यात हवा सोडायला छोटा पंप होता. घरी लाइन कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून मी पहाटे उठून भाजीच्या पळीने पाणी वर उचलून परत सोडायची. टबांना बाहेरून ओलं पोतं गुंडाळायचं. खायला वाळलेली पानं, कधी उकडलेल्या पालकाचं एक पान. मायला हे फार मजेशीर वाटायचं. पालक उकडायला टाकला की ती म्हणायची, "पोरी, तुह्या सासरच्यांचा सैपाक झाला."

बाबांना मजेशीर वाटत नव्हतं. सकाळी बैलांना वैरण टाकून झाली की ते टबांपाशी उकिडवे बसायचे. आठवडाभराने त्यांनी मला विचारलं, "याइच्यातला एक मेला काय? थे कातडं पडून हाये."

मी पाहिलं. झिंग्याने टाकलेलं कवच होतं, डोळ्यांच्या टोप्या आणि मिशांसकट पूर्ण, नुसतं आतून रिकामं. मी बाबांना सांगितलं की वाढायचं असलं की त्यांना जुनं कवच टाकून द्यावं लागतं आणि नवं कडक होईपर्यंत अंग मऊ असतं, तेव्हा ते पानाखाली लपून बसतात. तेवढ्या काळात कशाचाही त्रास त्यांना लवकर लागतो.

"मंग त्या येळेले पानी हलवत नको जाऊ," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाल्यावरून फुटक्या कौलांचे तुकडे आणून तिन्ही टबांत तळाला रचले, लपायला जागा म्हणून.

मे लागला. आमच्याकडचा मे कसा असतो ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. दुपारी कोठ्याच्या टिनाखाली उभं राहवत नाही. टबातलं पाणी दररोज बोट-दोन बोटं खाली जायचं, मी संध्याकाळी भर घालायची. झिंगे दिवसभर तळाला गप्प असत आणि उन्हं उतरली की पोहायला लागत. एक माद्यांचा घोळका असा होता की त्यांतल्या नऊ जणींच्या पोटाखाली अंडी होती. मी रोज वहीत लिहायची, आज अंडी हिरवी, आज थोडी फिकी, आज डोळ्यांचे ठिपके दिसले. अंड्यात डोळे दिसले की पिलं निघायला थोडेच दिवस राहिलेले असतात.

त्याच दिवसांत एका सकाळी मी मारेगावला गेले होते. लॉकडाऊनमध्ये सकाळी थोडा वेळ दुकानं उघडी असायची, मला वही आणि मायच्या बीपीच्या गोळ्या आणायच्या होत्या, आणि गोळ्यांच्या दुकानात रांग फार होती. परत यायला दोन वाजले. येऊन मी जेवले आणि झोपले. संध्याकाळी टबांकडे गेले तर पहिल्या टबात झिंगे पोहत होते, पण सरळ नाही. एक गोल गोल फिरत होता. एक पाठीवर पडून पाय झाडत होता. काही तर पाण्याबाहेर उडी मारून जमिनीवर पडलेले होते आणि मुंग्या लागल्या होत्या. दुसऱ्या टबातही तेच. त्या नऊ जणी याच दुसऱ्या टबात होत्या.

मी ओरडले. माय धावत आली, तिच्या मागून बाबा. मी टबात हात घातला, पाणी गरम होतं पण रोजच्यापेक्षा जास्त नव्हतं. पळीने पाणी हलवलं, पोती पुन्हा भिजवली, जे जे सुचलं ते केलं. दिवे लागेपर्यंत दोन्ही टबांतले सगळे संपले. तिसऱ्या टबातल्यांना काहीच झालं नव्हतं. ते आपले कौलांवरचं शेवाळ खरवडत होते.

मी रडले. एवढ्याशा जिवांसाठी रडताना लाजही वाटत होती. माय म्हणाली, "उन्हानं झालं असंन बाई." मीही तेच धरून चालले की ऊन, आणि आपणच दुपारी घरी नव्हतो. बाबा जेवायलाही आले नाहीत, पोटात बरं नाही म्हणाले.

सकाळी माझं डोकं जरा ठिकाणावर आलं. ऊन तर तिन्ही टबांना सारखं होतं. मग तिसरा कसा वाचला? मी मायला विचारलं, काल दुपारी इथे कोणी काही केलं का. माय म्हणाली, "म्या एका टबात कळशीभर पानी टाकलं ना. पानी लय खाली गेलतं. बाकीच्यात तुह्या बाबानं टाकलं. थे म्हने, पोरगी बाहेर गेली, लेकरं तापून राह्यले."

लेकरं हा शब्द तिने वापरला की बाबांनी, ते मी विचारलं नाही. मी कोठ्यात गेले. बाबा खाली बसून बैलाच्या मानेवरून हात फिरवत होते. बाजूला निळी बादली उलटी घातलेली होती. बैलाच्या अंगाला औषधाचा वास येत होता. आदल्या दिवशी सकाळी बाबांनी दोन्ही बैलांना गोचिडीचं औषध लावलं होतं, बादलीत पाण्यात कालवून, फडक्याने. उन्हाळ्यात ते करावंच लागतं, नाहीतर गोचीड जनावराचं रक्त पिऊन त्याला खंगवते.

"बाबा, पानी ह्याच बादलीनं टाकलं काय?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "दोनदा धुतलती वो," ते म्हणाले. "चांगली खंगाळून. मले वाटलं बस झालं."

मी उभीच राहिले. राग आला होता का? आला असणार, पण तो बाहेर पडायला जागाच सापडली नाही. माझ्याच प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं की कीड मारायचं औषध या जिवांना फार थोडंही पुरतं, कारण शेवटी कीड आणि झिंगा हे दूरचे भाऊबंदच. बैलाच्या अंगावर ते चालतं, माणसाच्या हाताला लागलं तर साबणाने निघतं, आणि झिंग्याला बादलीच्या कडेला राहिलेला ओलावाही जड जातो. हे मी वहीत लिहिलं होतं आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

"मले रातीच समजलं," बाबा म्हणाले. "पर तुले सांगाची हिंमत नाई झाली."

मी त्यांच्याजवळ शेणाच्या पाटीवर बसले. मग मी म्हणाले की नाल्यावर जाऊन यायला हवं, डोहात असतील तर नवे आणू. बाबा लगेच उठले. चप्पल घालायलाही थांबले नाहीत, माय मागून चप्पल घेऊन आली.

आमचा नाला पुढे वर्धा नदीला मिळतो. मे महिन्यात तो वाहत नाही, दोन-तीन डोह तेवढे राहतात. वरच्या डोहापाशी भोयांच्या वस्तीतली एक मावशी जुन्या लुगड्याच्या तुकड्याने झिंगे काढत होती. मी लहान असल्यापासून तिला पाहत आले आहे. मी शाळेत जाताना ती मला हाक मारून पायाखाली साप तर नाही ना पाहायला सांगायची. तिने आमची हकिकत ऐकली आणि तिला काही नवल वाटलं नाही.

"खालच्या डोहाले कोनी बैल धुतले की दोन दिस तिथी काईच नाई भेटत," ती म्हणाली. "पावसाच्या दिसात एवढं नाई समजत, पानी वायतं. आता पानी उभं हाये ना बाई. उभं पानी कोठी जाईन?"

"मंग सांगाचं नाई काय कोनाले?" बाबांनी विचारलं.

"कोनाले सांगू भाऊ? तुमाले सांगतलं असतं तं तुमी आयकलं असतं काय?"

खालच्या डोहावर बैल धुणाऱ्यांत आम्हीही होतो.

तिने आम्हाला वरच्या डोहातले पंचवीस-तीस दिले, पैसे घेतले नाहीत. बाबांनी संध्याकाळी तिच्याकडे तुरीची डाळ पोचवली.

मी मॅडमना फोन केला. रडत रडत सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "जे झालं ते वाईट झालं. पण तुझ्या प्रकल्पात जो प्रश्न होता तो तुझ्या अंगणात येऊन उभा राहिला. आता तोच नीट विचार."

म्हणून आम्ही तो प्रयोग केला. आम्ही म्हणजे मी आणि बाबा. बादली एकदा धुवायची, दोनदा धुवायची, सात वेळा धुवायची, दरवेळी शेवटचं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवायचं. धुवायचं काम बाबांनी मागून घेतलं. धुतलेलं पाणी कोठ्यामागे कोरड्या जागी खड्डा करून त्यात टाकायचं, हेही त्यांनीच ठरवलं. मग काचेच्या बरण्यांत त्या पाण्याचे थोडे थोडे थेंब, दर बरणीत दोन-तीन झिंगे, काही बरण्या घरात माठाच्या बाजूला गारव्याला, काही कडुलिंबाखाली. बरण्या लोणच्याच्या होत्या. त्यांचा वास जाईपर्यंत मायने त्या राखेने घासून दिल्या.

पहिल्या दिवशी थेंब टाकायच्या वेळी बाबांनी माझा हात धरला.

"पुन्हा मारतं काय याइले?"

मी त्यांना सांगितलं की जितके कमीत कमी लागतील तितकेच घेतलेत, आणि कोणी कोलमडायला लागला की लगेच चांगल्या पाण्यात काढणार. ते मान हलवून बाजूला झाले, पण गेले नाहीत. दिवसभर ते आणि मी आलटून पालटून बसलो. घरातल्या गारव्याच्या बरण्यांतले झिंगे, दोनदा धुतलेल्या पाण्याचे, सुस्त झाले आणि चांगल्या पाण्यात घातल्यावर दोन दिवसांनी पुन्हा पानं खायला लागले. तेच थेंब, पण कडुलिंबाखालच्या तापलेल्या बरणीतले मात्र चांगल्या पाण्यात काढूनही वाचले नाहीत. नुसत्या उन्हातले, औषधाशिवायचे, ठीक राहिले. ऊन ते सोसत होते, थोडं औषधही कसंबसं सोसत होते. दोन्ही एकदम आलं की त्यांचं काही चालत नव्हतं.

"मानसाचंबी असंच हाये," बाबा म्हणाले. त्यांच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. ते त्या दिवशी फार थकले होते.

जूनमध्ये तिसऱ्या टबातल्या एका मादीची अंडी फुटली. पिलं मोठ्यांसारखीच होती, फक्त तिळाच्या निम्मी. बाबांना भिंगातूनही दिसेनात, कारण ते कमी दिसणाऱ्या डोळ्याने पाहत होते. मग त्यांनी दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. "मिशा हायेत बे याले!" ते म्हणाले आणि मायला बोलवायला आत गेले.

तोंडी परीक्षा फोनवर झाली, पोळ्याच्या आधी. गावात रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर यायची. झिमझिम सुरू होती. मी ओट्यावर बसून फोन टिफिनच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि बाबा बाजूला उभे राहून छत्री माझ्यावर नाही, फोनवर धरत होते. परीक्षक बाहेरगावचे होते, शांत बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मे महिन्यात दोन टब एकाच दिवशी गेले असं लिहिलंय. कारण, दूषित बादली. हा निष्काळजीपणा कोणाचा?"

मी म्हणाले, "सर, जबाबदारी माझी होती. मी घरातल्यांना सांगायला हवं होतं."

छत्री हलली. बाबा वाकून फोनसमोर आले. त्यांचं अर्धं तोंडच पडद्यावर दिसत असणार.

"साहेब, थो मानूस मी हाये," ते म्हणाले. "पोरीची चुकी नाई. तिले मार्क कमी नोका देऊ. बादली म्या धुतलती."

मला जमिनीत जावंसं वाटलं. पलीकडे मॅडमनी तोंडावर पदर धरलेला दिसला. परीक्षक मात्र हसले नाहीत. "किती वेळा धुतली होती?" त्यांनी विचारलं.

"दोनदा साहेब."

"आणि किती वेळा धुवायला हवी होती?"

"सातदा धुतली तं चालते. पर खरं म्हंजे थे बादलीच येगळी ठेवाले पायजे."

"बरोबर," परीक्षक म्हणाले. मग मला पुढचा प्रश्न विचारला, पण काय विचारला ते मला आजही आठवत नाही. पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा खालच्या डोहावर गेले. त्या दिवशी सगळ्या गावाचे बैल धुवायला तिथे येतात, आणि पुष्कळ जण तिथेच गोचिडीचं औषध कालवतात, म्हणजे सणाला जनावर स्वच्छ. बाबांनी एकेकाला सांगायला सुरुवात केली, औषध कोठ्यावर लावा, चार-सहा दिवस आधी लावा, बादलीचं पाणी वावराच्या बांधावर टाका. एकजण म्हणाला, "तुह्या झिंग्यासाठी आमचे बैल गोचिडीनं मारू काय?" दुसरा म्हणाला, "पोरगी शिकली अन् बापाले येड लागलं." बाबा भांडणारे नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्याकडे वळले. त्या दिवशी तिघांनी ऐकलं. पुढच्या वर्षी थोडे अधिक. अजूनही काही जण ऐकत नाहीत, आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, फवारणी तर आहेच. तिचं पाणी पावसाबरोबर नाल्यात उतरतं, त्याला बाबा काय करणार. निदान आमच्या वावरात, नाल्याच्या कडेची दोन तासं, म्हणजे कपाशीच्या दोन ओळी, ते फवारत नाहीत. तिथे बोंडअळी जास्त लागते. माय त्यांना ऐकवते, ते ऐकतात.

मी आता पुसदला एका कॉलेजात शिकवते. दर हिवाळ्यात पोरांना घेऊन एखाद्या ओढ्यावर जाते आणि दगड उलटून दाखवते. झिंगा सापडला की पोरं आधी विचारतात, मॅडम, हा खातात का?

मागच्या हिवाळ्यात मी सुट्टीला घरी होते तेव्हा ती मावशी आली. पळसाच्या पानाच्या पुडीत झिंगे होते, खालच्या डोहातले. खालच्या डोहात पुन्हा भेटायला लागले, असं तिने बाबांना मुद्दाम सांगितलं. बाबांनी पुडी उघडली, एकेक उचलून उजेडात धरला, अंडीवाल्या चार जिवंत होत्या त्या पाण्याच्या लोट्यात टाकल्या आणि मला नाल्यावर सोडून यायला पाठवलं.

मी परत आले तेव्हा मायने बाकीचे लसूण-मिरची घालून केले होते. बाबा ताटावर बसले होते. मला वाटलं, खाणार नाहीत. त्यांनी भाकरी मोडली आणि दोनदा वाढून घेतलं.